कमळाच्या कुंडाचं पाणी परत हिरवं

बी ३०४: कुंड बघितलं का कोणी आज? कोथिंबिरीची चटणी कालवल्यासारखं पाणी झालंय, वास पण येतोय, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत 😟

ए १०१: क्लोरीनच्या गोळ्या टाका, टाकीत टाकतो तशा

ए ४०२: काका गोळ्या नका टाकू प्लीज, मासे मरतील, आणि हे हिरवं म्हणजे बॅक्टेरियाच असणार, ते मेले की त्यांच्यातलं फॉस्फरस परत त्याच पाण्यात, म्हणजे पंधरा दिवसांनी पुन्हा हेच. पाण्यात बॅक्टेरिया कायमच असतात हो, तळ्याच्या एका मिलीलीटरमध्ये सुद्धा लाखोंनी, पण त्यांना खायला पुरेसं नसतं म्हणून ते आटोक्यात असतात, आणि गोड्या पाण्यात बहुतेकदा कमी पडतं ते फॉस्फरस. कॅनडात १९७३ ला एका तलावात मधोमध पडदा लावला होता, एका बाजूला साखर नि नायट्रेट (म्हणजे नायट्रोजन), दुसऱ्या बाजूला तेच अधिक फॉस्फरस, तर हिरवी झाली फक्त फॉस्फरसवाली बाजू!

बी ३०४: मग आपल्याकडे कुठून आलं हे?

ए ४०२: काकू, पीओपीचा गणपती अमोनियम बायकार्बोनेट घालून विरघळवलेलं बादलीतलं पाणी आपण कुंडात ओतलं, त्यात बनतं अमोनियम सल्फेट, म्हणजे नुसतं नायट्रोजन. दोन आठवडे काही झालं नाही. रविवारी माळीदादांनी कमळाला डीएपी खत घातलं, पोत्यावर १८:४६ लिहिलंय ना, त्यातला ४६ चा आकडा फॉस्फरसचाच. वर रोज पोळीचे तुकडे. आपण ज्याला शेवाळ म्हणतोय ते सायनोबॅक्टेरिया असणार, ते उन्हावर वाढतात, आणि पोळी, पानं कुजवणारे दुसरे बॅक्टेरिया रात्रभर ऑक्सिजन खातात म्हणून पहाटे मासे वर येतात

सी २०२: पोळी आमची छोटी टाकते, सॉरी 🙏 आजपासून बंद

ए १०१: बरं गोळ्या राहू दे. पाणी पूर्ण बदलायचं का मग?

ए ४०२: पूर्ण नको काका, एक तृतीयांश बदला, कारंज्याचा पंप रात्री चालू ठेवा. आणि तळाचा काळा गाळ काढायलाच हवा, फॉस्फरस तिथे साठतं आणि तळाशी ऑक्सिजन संपला की परत वर सुटतं, मागच्या वर्षी आपण फक्त पाणी बदललं होतं

बी ३०४: पंप लावला आत्ताच. गाळ काढायला जाळी आहे का कुणाकडे?

सी २०२: आहे, संध्याकाळी घेऊन येतो. माळीदादांना थांबायला सांगा, गाळ जास्वंदीच्या मुळाशी घालू