कॉफी सोडू, कमी करू, की आहे तशीच चालू ठेवू?

सावनी_ठाणे

नमस्कार मंडळी. वय ४१, राहायला ठाणे, नोकरी बीकेसीत. घरी सगळे चहावाले, कॉफीवाली मी एकटी. सकाळी उठल्या उठल्या मोठा मग, ऑफिसात पोचले की मशीनची एक, दुपारी जेवल्यावर एक छोटी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पुन्हा एक. ही शेवटची नाही घेतली तर घरी जाऊन लेकाचा अभ्यास घेण्याएवढा जीवच उरत नाही.

अडचण अशी की रात्री अकराला आडवी होते आणि साडेबारा-एकपर्यंत डोळा लागत नाही. गजर पावणेसहाचा. शिवाय सुट्टीच्या दिवशी उशिरा उठले की दहाच्या सुमारास डोकं असं ठणकायला लागतं की बाम चोळून पडून राहावं लागतं. नवरा म्हणतो मायग्रेन असेल, दाखवून ये. सासूबाई म्हणतात कॉफीने पित्त वाढलंय, बंद कर.

तर कॅफिनचा खरंच काही फायदा असतो का, की नुसती सवय? सोडायची झाली तर कशी सोडावी? डीकॅफमध्ये, म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीत, काही राम आहे का? आणि चालू ठेवायची तर पावडर कुठली घ्यावी? सध्या घरी इन्स्टंट आहे. कॉफी मला मनापासून आवडते, त्यामुळे "सोडा" म्हणणाऱ्यांनी कारणही लिहा.

रानवारा

सोडा. कारण: माझी छातीतली धडधड कॉफी बंद केल्यावर थांबली. आता सकाळी गवती चहा आणि आलं उकळून घेते, चहापत्ती न घालता. सुरुवातीचे दिवस वाईट जातात, चिडचिड होते, मग शरीर रुळतं. धडधड, हाताला कंप, उगीचच जिवाला घोर लागणं असा त्रास ज्याला होतो त्याने आवडीनिवडी बाजूला ठेवाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

मंदार_तळेगाव

रानवारा, तुमच्यापुरतं ते बरोबरच आहे. पण कॅफिन सगळ्यांना सारखं बाधत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याचा निचरा करतं, ते कुणात झपाट्याने चालतं, कुणात रमतगमत. माझे वडील रात्री दहाला कॉफी घेतात आणि सव्वादहाला घोरायला लागतात.

सावनी, आधी हिशेब नीट मांडा. मग केवढा? पावडर किती चमचे? आणि स्वतःला कॉफीवाली म्हणता, पण दिवसभरात चहा किती होतो तेही सांगा. चहा आपण कुणी मोजतच नाही.

सावनी_ठाणे

मग ३०० मिलीचा, त्यात दोन सपाट चमचे. पाकिटावर कॉफी ७० टक्के, चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) ३० टक्के असं आहे. चहा म्हणाल तर साडेअकराला टीमबरोबर एक कटिंग, आणि साडेसातला घरी पोचले की सासूबाई करतात तो कपभर, त्यांना सोबत म्हणून. औषध थायरॉइडच्या गोळीशिवाय काही नाही. ती उठल्यावर लगेच घेते आणि पाठोपाठ कॉफी.

औषधवाली

मी बी. फार्म. आहे, स्वतःचं औषधांचं दुकान चालवते. तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले, म्हणून आधी तेच.

थायरॉइडची गोळी आणि कॉफी पाठोपाठ घेऊ नका. कॉफीमुळे ती गोळी आतड्यातून कमी शोषली जाते. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास ते तासभर तोंडात काही नाही, त्यानंतर कॉफी. चहालाही हेच लागू. पुढेमागे कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी सुरू झाली तर तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. हा बदल केलात की डॉक्टरांना सांगा आणि काही आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करून घ्या, कारण शोषण सुधारलं तर डोस बदलावा लागू शकतो. काउंटरवर गोळी देताना मी हे प्रत्येकाला सांगते, पण बहुतेकांचं लक्ष सुट्ट्या पैशांकडे असतं.

आता झोप. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की पेंग येते. कॅफिनची ठेवण त्याच्याशी मिळतीजुळती असल्यामुळे एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तशा ते त्या जागा आधीच धरून ठेवतं. थकवा आत तसाच असतो, फक्त जाणवत नाही. रक्तातलं निम्मं कॅफिन उतरायला सरासरी पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर जवळजवळ दुप्पट, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणखी जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांत उलट ते लवकर उतरतं, म्हणून सिगारेट सुटली की तीच कॉफी एकदम चढल्यासारखी वाटते.

म्हणजे तुमच्या साडेपाचच्या कॉफीतलं निम्मं साडेदहाला अंगात असतं, आणि वर साडेसातचा चहा. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी झोप तासाभराहून जास्त घटली. तुमची संध्याकाळची मात्रा त्यापेक्षा बरीच कमी आहे, पण अकराला पडून एक वाजेपर्यंत जागं राहायला काय लागतंय ते यावरून समजावं.

मात्रेचा अंदाज: शुद्ध इन्स्टंटच्या एका चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम. चिकोरीत कॅफिन नसतंच, तेव्हा तुमच्या पाकिटातल्या चमच्यात ४० धरा, मगभर कॉफीत ८०. मशीनची ७० धरली, उरलेल्या दोन कॉफ्या आणि दोन चहा मिळवले तर दिवसाचे तीनशे-सव्वातीनशे होतात. युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० पर्यंत आणि गरोदर बायकांना २०० पर्यंत चालेल असं सांगितलं. मात्रा तुमची ठीक आहे, घोळ वेळांचा आहे.

सुट्टीची डोकेदुखी: कॅफिन थांबलं की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला सुरुवात होते. आदल्या संध्याकाळचा साडेसातचा चहा आणि सकाळचे दहा, तुम्हीच तास मोजा. मायग्रेन नाहीच असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण कॉफी घेतल्यावर पाऊण-एक तासात डोकं उतरतंय का ते बघा आणि डॉक्टरांना तेही सांगा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, स्ट्रिपच्या मागे वाचा.

एकदम बंद करू नका, दोन-तीन दिवस काहीच सुचणार नाही. संध्याकाळचा कप आधी अर्धा करा, चार-पाच दिवसांनी पाव, मग थांबवा. सकाळच्या कॉफीला हात लावायची गरज मला तरी दिसत नाही.

रानवारा

औषधवाली, माहितीबद्दल आभार, गोळीचं खरंच ठाऊक नव्हतं. पण एक मुद्दा राहतो. सकाळच्या कॉफीने तरतरी येते म्हणतात, त्यातली बरीचशी तरतरी म्हणजे रात्रभर पडलेला तुटवडा भरून निघणं. रोज न पिणारा माणूस तेवढाच ताजातवाना उठतो. मग फायदा कसला?

औषधवाली

रोज पिणाऱ्यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, संशोधकही यावर वाद घालतात. पण रात्रभर झोप झालेली नसताना, लांबच्या प्रवासात गाडी चालवताना किंवा रात्रपाळीत कॅफिनमुळे लक्ष टिकतं, हेही तपासलेलं आहे.

बाळघर

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं झोपेत मधेच श्वास घ्यायची थांबतात. त्यांना कॅफिन सायट्रेट देतात, वजनाप्रमाणे मोजून. किलोभराच्या जिवाचा श्वास त्यावर पुन्हा लयीत येताना मी रोज बघते, त्यामुळे कॅफिनला नुसती सवय म्हणायला माझं मन धजत नाही. कॉफीच्या कपाबद्दल यावरून काही ठरत नाही हेही मान्य.

पहाटधाव

लांब पळणाऱ्यांना फायदा नक्की होतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ साली कॅफिन बंदीच्या यादीतून काढलं, तेव्हापासून ते उघडपणे घेता येतं. वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम, शर्यतीच्या तासभर आधी. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच प्रयोग करू नका, पोट बिघडतं.

फिल्टरप्रेमी

आता माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न, पावडर!

सावनी, ठाण्यात राहता तर माटुंगा तुमच्या वाटेवरच आहे. किंग्ज सर्कलजवळ म्हैसूर कन्सर्न्ससारखी जुनी दुकानं आहेत, तिथे बिया तुमच्यासमोर दळून देतात. पीबेरी (फळात दोनऐवजी एकच गोल बी असते ती) आणि प्लांटेशन ए (बियांची एक प्रत) निम्मी निम्मी सांगा. प्लांटेशन ए अरेबिका जातीचीच असते, पीबेरीही अरेबिकाचीच मागा. अरेबिकात कॅफिन रोबस्टा या दुसऱ्या जातीच्या साधारण निम्मंच असतं, तेव्हा तुमच्या झोपेलाही बरं. चिकोरी १५-२० टक्क्यांच्या वर घालू देऊ नका. तयार पाकीट घेतलंत तर बारीक अक्षरं वाचा. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली की कायद्याला पुरतं, त्यामुळे ५३ कॉफी आणि ४७ चिकोरी अशी पाकिटंही सर्रास मिळतात. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो, पण वास कॉफीचाच हवा. एका वेळी पाव किलोच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या दाट अर्काला, घाई चालत नाही. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. वरच्या भांड्यात तीन शिगोशीग चमचे, छत्रीने (फिल्टरसोबत येणारी दांड्याची चकती) हलकेच सपाट करायचं, दाबून बसवायचं नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी दोन चमचे पाणी गोल फिरवत सोडा, पावडर फुगून वर येते आणि तो पहिला वास स्वयंपाकघरभर पसरतो. मग उरलेलं पाणी घालून झाकण ठेवा. वीसेक मिनिटांत खाली काळंभोर, मधासारखा तजेला असलेलं डिकॉक्शन जमतं. त्यावर कडकडीत दूध घाला. दुधात घालून उकळू मात्र नका, कडवट होतं.

औषधवालींनी गोळीनंतर जे थांबायला सांगितलंय ना, त्या वेळात डिकॉक्शन आपसूक उतरतं. गोळी घ्या, फिल्टर लावा, डबे भरा, मग निवांत बसून प्या.

औषधवाली

फिल्टरप्रेमी, मस्त. पुरवणी एवढीच: कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर रोजच्यासाठी कागदी गाळणीची किंवा इन्स्टंट बरी. न गाळलेल्या कॉफीतल्या तेलकट घटकांनी वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागद ते अडवतो, धातूच्या जाळीतून ते बरंचसं खाली येतं. आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर चहा-कॉफी जेवणानंतर लगेच नको, तासभर जाऊ द्या, नाहीतर पालेभाज्यांतलं लोह वाया जातं.

वेझरकाठ

डीकॅफबद्दल मी लिहितो, कारण मी जर्मनीत ब्रेमेनला असतो आणि डीकॅफचा धंदा इथूनच सुरू झाला. लुडविग रोझेलियस नावाच्या कॉफी व्यापाऱ्याने १९०६ साली इथे काफे हाग ही कंपनी काढली. त्या काळी कॅफिन काढायला बेंझिन वापरत, ते केव्हाच बंद झालं. आता पाणी, कार्बन डायऑक्साइड किंवा इथिल अ‍ॅसिटेटसारखी द्रावकं वापरतात. इथे संध्याकाळी कुणाच्या घरी गेलं की "कॅफिनची की बिनकॅफिनची" हा प्रश्न ठरलेला.

चवीचं खरं सांगायचं तर काळी प्याल तर फरक कळतो, थोडी पोकळ लागते. दुधात, जरा गडद भाजलेली असेल तर छान लागते. कॅफिन अगदी शून्य होत नाही, कपामागे काही मिलिग्रॅम राहतंच, पण त्याने झोप उडू नये. भारतातही काही रोस्टर (कॉफी भाजून विकणारे) विकतात. भाजल्याची तारीख बघूनच घ्या, कारण खप कमी म्हणून जुना माल पडून असतो. साडेपाचच्या कपाला डीकॅफ, हा माझा सल्ला.

मालतीताई_सांगली

सावनी बाळा, साडेसातचा चहा बंद कर असं इथे सगळे सांगतील, पण सासूबाईंची सोबत मोडू नकोस. दिवसभर घरात एकट्या असलेल्या बाईला तो कप मोलाचा असतो. चहाऐवजी दोघींसाठी दूध तापव, वेलची घाल, सहाणेवर जायफळ उगाळून बोटभर लाव. आमच्याकडे रात्रीच्या कॉफीत जायफळ असतंच, तू कॉफी तेवढी वगळ. जायफळ मात्र बेतानेच, जास्त झालं तर बाधतं. पित्ताची काळजी त्यांना तुझ्यासाठी आहे, त्यांना स्वतःला विचारून बघ, त्यांनाही रात्री झोप लागते का.

सावनी_ठाणे

सगळ्यांचे खूप आभार. मालतीताई, विचारलं. त्यांनाही बारापर्यंत झोप नसते, मला सांगितलं नव्हतं. आजपासून दोघींना वेलची-जायफळाचं दूध.

आता ठरवलंय ते असं: सकाळचा मग आणि ऑफिसातली एक राहणार, गोळीनंतर पाऊण तास थांबणार. दुपारची छोटी सध्या आहे. साडेपाचची हळूहळू कमी करून डीकॅफवर नेणार. थायरॉइडची तपासणी पुढच्या महिन्यात. रानवारा, तुमचा मुद्दा डोक्यात आहे, झोप तरीही सुधारली नाही तर दुपारचीही काढेन.

दोन शंका. संध्याकाळी अभ्यास घ्यायला जीव कुठून आणू? आणि रविवारी माटुंग्याला चालले आहे, दळण बारीक सांगू की जाड, फिल्टर केवढा घेऊ?

मंदार_तळेगाव

घरी पोचल्यावर वीस मिनिटं आडव्या व्हा, गजर लावून. त्याहून जास्त नको, नाहीतर रात्रीची झोप पुन्हा लांबेल. आणि अभ्यास एक दिवसाआड बाबांकडे द्या.

फिल्टरप्रेमी

"फिल्टरसाठी" एवढंच सांगा, दळण ते बरोबर काढतात. फिल्टर स्टीलचा, दोन कपांचा. एकटीसाठी मोठा घेऊ नका, तळाशी पातळ थर पसरला की पाणी भराभर खाली उतरतं आणि डिकॉक्शन फिकं येतं. घेताना वरच्या भांड्याची भोकं उजेडात धरून बघा, सगळी मोकळी हवीत.