क्रूझवरून उतरल्यावर आई पडली तर? (ग्रीस-तुर्की)

सदाफुली:
सप्टेंबरात आईबाबांना घेऊन पिरेअसहून (अथेन्सचं बंदर) सुटणारी क्रूझ करतेय. कुशादासी, सँटोरिनी वगैरे. आई ६९, एक गुडघा बदललेला. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू. जहाजावर डॉक्टर असतो हे कळलं, पण किनाऱ्यावर कुणी पडलं तर आधी कुणाला फोन करायचा? जहाज थांबतं का?

गावठाण:
जहाजाचीच सहल घेतली असेल आणि बस अडकली, तर साधारणपणे थांबतात. दवाखान्यात ॲडमिट झालात तर कुणीही थांबत नाही. रोज केबिनमध्ये जो कागद येतो त्यावर त्या बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा. मागे राहिलात तर हाच माणूस धावपळ करतो.

खारा वारा:
आमच्या सासूबाई इफेससला (कुशादासीजवळचे प्राचीन शहराचे अवशेष) पडल्या. वरच्या दरवाजातून ग्रंथालयाकडे उतरणारा रस्ता संगमरवरी, पायांनी घासून आरशासारखा झालेला. पाय सटकला, हात टेकला, मनगट गेलं. आम्ही पाणी पाजत बसलो आणि तेवढ्यात सूज चढली. पाटली निघेना! शेवटी जहाजावर साबण लावून नर्सने काढली, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा पहिलं काम, बांगड्या-अंगठ्या उतरवा. मग ओढणीची झोळी करून हात गळ्यात.
एक्स-रे, प्लास्टर जहाजावरच झालं. बिल केबिनच्या खात्यावर चढलं, आणि ते बघून मला चक्कर आली. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर आधीच कळवलं होतं म्हणून पैसे परत मिळाले. डॉक्टरच्या अहवालात पडल्याची जागा आणि वेळ लिहून घ्या. आणि ताजं प्लास्टर असेल तर लांबच्या विमानाआधी ४८ तास जाऊ द्यावे लागतात, परतीचं तिकीट बघून घ्या.

नाखवा:
बाबांचं वेगळं आहे. त्यांच्या डोक्याला मार लागला तर रक्त दिसो न दिसो, ते ठीक आहे म्हणोत, जहाजावर परत नेऊ नका. ११२ लावा, ग्रीसला आणि तुर्कीला दोन्हीकडे चालतो. गोळीचं नाव इंग्रजीत लिहून त्यांच्याच खिशात ठेवा, तुमच्या पर्समध्ये नको.
विम्याचं पण बघा. व्हिसासाठी ३०,००० युरोची जी पॉलिसी काढतात ती कधीकधी फक्त शेंगेनपुरती (एकाच व्हिसावर फिरता येणारे ग्रीससारखे युरोपीय देश) असते. कुशादासी तुर्कीत! शिवाय तिथून ग्रीसला परत शिरायचं तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा.

गावठाण:
सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने उतरवतात. आईला तिथे सांभाळा. बोट हलत असते, खलाशाला मनगट धरू द्या, हातात पिशवी नको. वर कड्यावरच्या गावात जायला केबल कार घ्या, रांग असली तरी. पायऱ्या साडेपाचशेच्या वर आहेत आणि त्यांवर गाढवांचं शेण.

सदाफुली:
खूप आभार. पॉलिसी उघडून बघितली, तुर्की नाहीये! विमा एजंटला फोन केलाय. आईला पाटल्या घरी ठेव म्हटलं तर म्हणते, "फोटोत हात मोकळे दिसतील त्याचं काय?"