मदत हवी आहे: आईच्या गालातला चट्टा निळ्या दिव्याखाली काळा दिसला

नमस्कार मंडळी. आई 58 वर्षांची. मशेरी लग्नाआधीपासूनची, सकाळी बोट काळं झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. महिन्यापूर्वी डाव्या गालात आतून, शेवटच्या दाढेजवळ पांढरट चट्टा दिसला. दुखत नाही, तिखट झोंबत नाही, म्हणून ती दाखवायलाच तयार नव्हती. बोट फिरवलं की खरखरीत लागतो.

दातांच्या डॉक्टरांनी खोलीतले दिवे घालवले, टॉर्चसारख्या यंत्रातून निळा उजेड टाकला आणि मलाही त्यातूनच बघायला लावलं. सगळा गाल पोपटी हिरवा आणि मधेच काळपट डाग! नुसत्या डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा बराच मोठा, मागच्या बाजूला पसरलेला. माझ्या पोटात गोळाच आला. बायोप्सी करा म्हणाले. मामा म्हणतात, "हत्यार लावलं की पसरतो." काळं दिसलं म्हणजे कॅन्सरच का? आणि दिव्यात दिसलंच आहे, तर तुकडा कशाला काढायचा?

प्रतिसाद: मी तोंडाच्या पॅथॉलॉजीत काम करते. निरोगी गालातलं कोलॅजेन (आतल्या त्वचेला आधार देणारे तंतू) आणि पेशींमधली काही द्रव्यं निळा उजेड शोषून हिरवा परत सोडतात. पेशी बिघडू लागल्या की खालची कोलॅजेनची वीण विस्कटते आणि हिरवा मंदावतो. पण नुसती सूज असली तरी तिथलं जादा रक्त उजेड गिळतं आणि डाग तसाच काळा दिसतो. दाढेची टोकदार कड घासून सूज आली आहे का, बघितलंत? काचेने हलकं दाबल्यावर हिरवं परत आलं तर सुजेची शक्यता वाढते, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. तुकडा कुठून घ्यावा हे ठरवायला दिवा मदत करतो. कॅन्सर आहे की नाही, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. महिना झालाय, आता थांबू नका. आणि बायोप्सीने पसरतो ही भीती काढून टाका; त्या भीतीने उशीर होतो, तेच जास्त महागात पडतं. मामांनाही बरोबर न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत. मशेरी आजपासून बंद.

धागाकर्ता: आभारी आहे ताई. दाढ टोकदार आहेच, डॉक्टरांना सांगतो. मंगळवारची वेळ घेतली, मामाही येतायत. मशेरीचा डबा लपवला होता, तर आईने शेजारच्या काकूंकडून चिमूटभर मागून आणली.