ए विंगच्या गॅरेजातला वास

रविवार, १९ एप्रिल

ए-१०२ काकू (रात्री ९.१२): जिन्यात परत पेट्रोलचा वास सुटलाय. खिडक्या लावून बसलोय एप्रिलच्या उकाड्यात. ही चौथी वेळ. कुणी लक्ष घालणार आहे का?

बी-६०२: 🙏 शुभ रात्री. उद्याचा दिवस आनंदात जावो 🙏

ए-१०२ काकू: आजचा तरी जाऊ दे.

सेक्रेटरी: काकू, नक्की पेट्रोलच ना? गॅस नाही ना? आधी शेगडीची आणि पाइपची कॉक बंद करा. सिलिंडरवाल्यांनी रेग्युलेटर बघा. शंका असेल तर १९०६ ला फोन लावा, आग दिसली तर थेट १०१.

ए-१०२ काकू: अहो, चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय. गॅसचा वास सडक्या कांद्यासारखा असतो. हा पंपावरचा वास आहे.

सी-३०४ मॅडम: काकूंचं बरोबर आहे. आत्ताच खाली जाऊन आले. स्वयंपाकघरांच्या बाजूला काही नाही. मीटररूमपाशी आहे, आणि चार शटरांपैकी मधल्या दोन गॅरेजांपाशी सगळ्यात जास्त. वाकलं की आणखी जाणवतो.

सी-५०१: म्हणजे बी-२०३ काकांची जुनी पद्मिनी कार 😄

बी-२०३ काका: हे अपेक्षितच होतं. वास आला की माझी गाडी. पाणी नाही आलं तरी माझी गाडी. १९८४ चं मॉडेल आहे, वडिलांनी नंबर लावून घेतली होती, आणि तिच्याखाली मी रोज रात्री वर्तमानपत्र अंथरतो. आजचा पेपर कोरडा ठणठणीत आहे. फोटो टाकू का?

सी-५०१: काका, रागावू नका. शेजारच्या गॅरेजात थिनरचे डबे आहेत आणि दोन वर्षं न हललेली बाईकही आहे.

ए-३०३ अण्णा: शटर उघडून गॅरेजातला लाइट लावा आणि बघा की. ग्रुपवर कशाला चर्चा?

सी-३०४ मॅडम: अण्णा, लाइट लावू नका!! पंख्याचंही बटण दाबू नका. बटणात बारीकशी ठिणगी पडतेच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती फरशीलगत साचून राहते. हवेत साधारण दीड टक्का झाली तरी पेट घेते. आणि पेट्रोल उणे चाळीसलाही वाफ सोडतं, पुण्याच्या एप्रिलचं काय घेऊन बसलात.

बी-४०२: वाफ जड आहे तर पहिल्या मजल्यावर काकूंना कशी कळते?

सी-३०४ मॅडम: धोका असतो तो खाली साचलेल्या दाट वाफेचा. नाकाला तर अगदी कणभर पुरते. जिन्यातून गरम हवा वर चढते, ती तेवढं घेऊन जाते. वर वास येतो म्हणून घाबरू नका. खाली पायापाशी काय साचलंय ते बघा.

सेक्रेटरी: वॉचमनला सांगितलंय. दोन्ही शटरं हातानं उघडली. बॅटरी बाहेरच चालू करून आत नेली. आणि एक गोष्ट आत्ता कळली. वॉचमन रोज संध्याकाळी मीटररूमच्या दारात मच्छर अगरबत्ती लावतो.

ए-१०२ काकू: अरे देवा.

सेक्रेटरी: बंद केली. खुर्ची गेटपाशी हलवली. बिडीही गेटबाहेर.

सोमवार, २० एप्रिल

सेक्रेटरी (सकाळी ७.४०): रात्रभर शटरं उघडी होती, सकाळी वास जवळजवळ नाही. आता एकेक वस्तू बाहेर काढून बघू. आज थिनरचे डबे गच्चीवर, सावलीत.

बी-२०३ काका: एकेक करूनच बघा. माझी गाडी सगळ्यात शेवटी.

सी-५०१: काका, ती सगळ्यात आधी काढली तर तुमचीच लवकर सुटका होईल.

बी-२०३ काका: मुद्दा मान्य. तरी शेवटी.

(संध्याकाळी ७.३०) सेक्रेटरी: डबे काढले, शटरं लावली, वास आहे. कालच्यापेक्षा कमी, पण आहे.

मंगळवार, २१ एप्रिल

सेक्रेटरी: बाईक काढली. वास आहे.

बुधवार, २२ एप्रिल

बी-२०३ काका (सकाळी ६.५५): गाडी चौघांनी ढकलून पाण्याच्या टाकीपलीकडे झाडाखाली लावली. स्टार्ट केली नाही. आता बघाच.

ए-१०२ काकू (रात्री ८.४५): आज वास नाही. काका, मनावर घेऊ नका हो. गाडीवर राग नाही.

बी-२०३ काका: हं.

ए-३०३ अण्णा: आता गाडीच आहे असं धरून चाला. वास इंजिन गरम असताना जास्त येतो की थंड असताना? गाडी फिरवून आल्यावर वीस मिनिटांत येत असेल तर कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळतात तो भाग. इंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलपर्यंत पोचते, ते उकळायला लागतं आणि वाफ बाहेर पडते. वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई झिजली असेल तर पेट्रोल ओसंडतंही. उभ्या गाडीला वास असेल तर पंप, पाइप किंवा टाकी.

बी-२०३ काका: रविवारी सकाळी साडेसातला फिरवून आणली. वास रात्री नऊला. इंजिन तोवर थंडगार.

ए-३०३ अण्णा: मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून हुंगा. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, फाटला असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. बाहेर थेंब दिसणार नाही, पण ऑइलची पातळी वर गेलेली असेल.

बी-२०३ काका: हुंगली. ऑइलला ऑइलचाच वास. पातळी जिथल्या तिथे. बॉनेटखाली कापूस फिरवला, कोरडा. पंपाच्या खालच्या भोकाशीही काही नाही. डिकी उघडली की मात्र वास आहे.

सी-५०१: अण्णा, ही सगळी नव्या पेट्रोलची करणी नसेल ना? आता वीस टक्के इथेनॉल असतं.

ए-३०३ अण्णा: शक्य आहे. चाळीस वर्षांपूर्वीचं रबर इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनवलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, वाळलं की भेगाळतं. पण फक्त इथेनॉलमुळे असतं तर रोज वास आला असता. चारदाच का?

सी-३०४ मॅडम: चारदाच का, हाच खरा प्रश्न. मी ग्रुपमध्ये "वास" शोधला. (त्यात आळूच्या फतफत्याच्या दोन तक्रारी निघाल्या, त्या वगळल्या.) पेट्रोलबद्दल ८ मार्च, १९ मार्च, ५ एप्रिल, १९ एप्रिल. तीन रविवार आणि एक गुरुवार.

बी-४०२: १९ मार्च म्हणजे पाडवा.

सी-३०४ मॅडम: हो. काका, पाडव्याला गाडी बाहेर काढली होती?

बी-२०३ काका: पूजा केली, हार घातला आणि सारसबागेला जाऊन आलो. जाताना पेट्रोल भरलं.

सी-३०४ मॅडम: आणि बाकी तीन रविवारी?

बी-२०३ काका: थांबा. वही आणतो.

सी-५०१: पेट्रोलची वही आहे??

बी-२०३ काका: वडिलांनी पहिल्या दिवसापासून ठेवली. तारीख, किलोमीटर, लिटर, दर. तुमच्या ॲपच्या कैक वर्षं आधीपासून.

बी-२०३ काका (२० मिनिटांनी): ८ मार्च, टाकी फुल. १९ मार्च, फुल. ५ एप्रिल, फुल. १९ एप्रिल, फुल, सकाळी सातला. आणि १ मार्चला भरलं होतं १० लिटर, त्या रात्री ग्रुपवर कुणाची तक्रार नाही.

सी-३०४ मॅडम: काका, तुमच्या वहीला सलाम 🙏

सी-५०१: म्हणजे टाकी फुल असली तरच. पण फुल टाकीनं गळायचं कारण काय? भोक असलं तर कायमच गळेल.

ए-३०३ अण्णा: भोक खाली असलं तर कायम गळेल. वर असलं तर पेट्रोल तिथवर पोचलं तरच. टाकीच्या वरच्या अंगाला पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या गेजच्या युनिटचं पॅकिंग असतं, आणि भरायच्या तोंडाला जोडणारा रबरी पाइप. अर्ध्या टाकीला ते दोन्ही कोरडे.

सी-३०४ मॅडम: आणि सकाळी भरून रात्री वास का, तेही जुळतंय. पंपाची टाकी जमिनीखाली, पेट्रोल त्यामानानं गार. आपलं गॅरेज पश्चिमेला, पत्र्याचं शटर दुपारभर तापतं. एका अंशाला पेट्रोल साधारण हजारात एक भाग फुगतं. ३५ लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं तर अर्धा लिटर जागा जास्त हवी. काठोकाठ भरलेल्या टाकीत ती कुठून आणायची?

बी-४०२: नव्या गाड्यांना हा त्रास का नाही?

ए-३०३ अण्णा: त्यांना टाकीची वाफ धरून ठेवायला कोळशाचा डबा असतो. ती वाफ नंतर इंजिनातच जळते. पद्मिनीच्या काळात टाकी सरळ बाहेर श्वास सोडायची.

ए-१०२ काकू: एक विचारू का? काका तर नेहमी थोडं थोडं भरायचे. पाचशेचं, हजाराचं. मार्चपासूनच फुल का करायला लागले?

बी-२०३ काका: अण्णांनी सांगितलं.

ए-३०३ अण्णा: मी??

बी-२०३ काका: फेब्रुवारीत, कट्ट्यावर. "गाडी महिनोन्महिने उभी राहते, टाकी रिकामी ठेवलीत तर आत दमटपणा धरून गंज चढेल. फुल ठेवत जा." वहीत नोंद आहे.

ए-३०३ अण्णा: वहीत तेही??

बी-२०३ काका: शेरा रकाना.

ए-३०३ अण्णा: सल्ला चुकीचा नव्हता. टाकीत हवा कमी तर पाणी कमी. फक्त रबर ४२ वर्षांचं आहे हे लक्षात घ्यायला हवं होतं.

(हा मेसेज डिलीट करण्यात आला)

सी-५०१: अण्णा, काय डिलीट केलंत? 😄

शनिवार, २५ एप्रिल

बी-२०३ काका (दुपारी १.२०): मेकॅनिक येऊन गेला. म्हातारा माणूस, हयात याच गाड्यांत घालवलेली. बाहेर झाडाखाली, बॅटरीची वायर काढून काम केलं. आधी काहीच उघडलं नाही. टाकीचं तोंड, पाइप, पॅकिंग सगळं पुसून कोरडं केलं, अंगाला लावायची पावडर फुंकली आणि पाच-पाच लिटर भरत गेला. ३० पर्यंत पावडर पांढरी. शेवटच्या पाचात तोंडाच्या पाइपावर क्लिपखाली ओला डाग. पाइप वाकवला तर भेग अशी उघडली की माझा अंगठा गेला असता. गेजचं पॅकिंगही वाळून बिस्किटासारखं झालेलं.

सी-५०१: मग खालचा पेपर कोरडा कसा?

बी-२०३ काका: विचारलं. म्हणे थेंब टाकीच्या पाठीवरच पसरतो आणि तापलेल्या पत्र्यावरून उडून जातो, खाली पडतच नाही. पिवळट डाग उरतो, तो होता. आणि डिकीतल्या तागाच्या मॅटनं निम्मं पिऊन घेतलेलं. सोमवारी-मंगळवारी तेच दरवळत होतं. मी कोरडा पेपर दाखवून दोन महिने तुमच्याशी भांडलो.

ए-१०२ काकू: झालं ते झालं.

सी-५०१: पाइप कुठून आणला? माझ्या मित्राची ॲम्बॅसेडर आहे.

बी-२०३ काका: नाना पेठेत. तीन दुकानं फिरलो. पहिल्यानं रेडिएटरचा पाइप पुढे केला, "चालतो साहेब, सगळे तोच बसवतात." मेकॅनिकनं बजावलं होतं की पाण्याचा पाइप पेट्रोलला अजिबात नको, काही महिन्यांत विरघळून कचरा पंपात जातो. पेट्रोलचाच, इथेनॉलला टिकणारा म्हणून सांगून घ्या. जुन्या बाजारातून तर रबर घेऊच नका, तिथून दाराचं हॅंडल घ्या.

ए-३०३ अण्णा: कार्ब्युरेटरपर्यंतचे बारीक पाइपही बदला. ते त्याच वयाचे.

बी-२०३ काका: बदलले. हा सल्लाही शेऱ्यात लिहिलाय.

रविवार, २६ एप्रिल

बी-२०३ काका: सकाळी मुद्दाम टाकी फुल केली. दिवसभर उन्हात, झाडापासून लांब. संध्याकाळी हुंगलं, काही नाही. थोडं काढून पाऊण टाकीवर ठेवलं. गाडी परत गॅरेजात. मॅट फेकली.

ए-१०२ काकू (रात्री ९.०५): वास नाही. नाही म्हणजे येतोय, पण तो बी विंगमधून तळलेल्या मिरच्यांचा.

सेक्रेटरी: छान. आता चारही शटरांना खालून जाळी बसवून घेऊ, म्हणजे हवा खेळती राहील. मीटररूमच्या बाजूची भिंतीतली फटही बुजवायची आहे. साधारण बारा हजार खर्च.

बी-४०२: गॅरेजवाल्यांच्या खर्चानं की सगळ्यांच्या?

सी-५०१: मला गॅरेज नाही.

ए-३०३ अण्णा: जीव सगळ्यांचा आहे.

बी-४०२: मग पार्किंगच्या छताला गळती लागली तेव्हा जीव कुणाचा होता?

सेक्रेटरी: हा विषय मीटिंगला घेऊ.

बी-६०२: 🙏 शुभ रात्री 🙏