गळाच्या जागा नकाशावर टाकाव्यात का?

प्रश्न : गोव्यातल्या मांडवी आणि झुआरी नद्यांच्या काठी गळ टाकणारे आम्ही काही जण चांगल्या जागांचा गूगल मॅप्सवर सामायिक नकाशा करण्याच्या विचारात आहोत. नवख्यांची सोय होईल, परंतु जाणत्यांचा विरोध आहे. आपले मत कळवावे.

उत्तर १ : जेटी खुशाल दाखवा, त्या सर्वांना ठाऊकच आहेत. खाजन शेतीतल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांतल्या, मानशी (बांधातली पाण्याची दारे) मात्र टाकू नका. भरती-ओहोटीला मानशीच्या दारांतून पाणी आत-बाहेर होते तेव्हा मासळी तोंडाशी गोळा होते, आणि म्हणूनच तिथल्या मासेमारीचा हक्क कोणीतरी लिलावात पैसे मोजून घेतलेला असतो; नकाशा पाहून आलेल्याला हे कोण सांगणार? शिवाय वर्दळीने बांध खचला, तर खारे पाणी शेतात शिरते ते वेगळेच.

उत्तर २ : चणाक, म्हणजे जिताडा, आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. एकाच जागेवरून मोठे मासे सतत काढले गेले, तर अंडी घालणाऱ्या माद्याच कमी होतात. आणि हो, फोटोत मागचा पूल दिसू देऊ नका. खांबांवरून जागा ओळखणारे बरेच आहेत.

प्रश्नकर्ता : पटले. नकाशात जेटीच ठेवू. पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या खडकांची नोंद मात्र असावी, असे माझे म्हणणे आहे.