व्याज नसलं की मंदीत बँक बुडत नाही, हे खरं आहे का?

पऱ्हाटी_समुद्रपूर
गावात हल्ली ठासून सांगतात की इस्लामी बँकिंग, म्हणजे व्याजाऐवजी नफातोटा वाटून घेणारी बँक, असतं तर नापिकीत शेतकरीही वाचला असता आणि बँकही. बँक वाचली असती, हे मला पटत नाही. या बँकांचा मोठा पैसा नफातोटा वाटण्यात नसतो, मुराबहात असतो. मुराबहा म्हणजे, बँक समजा ८ लाखांचा ट्रॅक्टर घेते आणि तुम्हाला १० लाखांना हप्त्यांनी विकते. सोयाबीन पडलं की हप्ता थकणारच. उशीर झाला म्हणून किंमत वाढवता येत नाही, दंड घेतला तरी तो दानधर्माला जातो. २००८ ला या बँका अमेरिकी गृहकर्जाच्या कागदांत अडकल्या नव्हत्या, म्हणून तरल्या. २००९ ला दुबईत जागांचे भाव कोसळले, मंदी खऱ्या व्यवहारात उतरली, तेव्हा त्यांनाही फटका बसलाच.

वाशीमचा_शेतकरी
भाऊ, थकलेला हप्ता पुढच्या वर्षी येऊ शकतो. २०२१-२२ ला कापूस क्विंटलला १० हजारांवर गेला, पुढे ७ हजारांच्या आसपास आला. तेजीत ज्यांनी बोअर, पाइपलाइनला कर्ज उचललं, त्यांचं व्याज चढत गेलं. शेवटी माणूस बँकेकडे फिरकेनासा होतो. आकडा तिथंच थांबला असता तर पुढच्या वेचणीला थोडंफार भरलंच असतं.

आर्णी_कोरडवाहू
पण पाऊस गेला की अख्खा तालुका थकतो. मग बँक ओलितवाला आणि पगारदार पाहूनच पैसे देईल. आम्ही पुन्हा सावकाराच्या दारात.

वाशीमचा_शेतकरी
मग सलम घ्या ना. पेरणीला बँक पूर्ण रक्कम रोख देते, हंगामात माल घेते. भाव, वजन, प्रत आधीच ठरलेली. भाव पडला तर झळ बँकेला.

पऱ्हाटी_समुद्रपूर
आणि चढला तर? ६ हजारांत बोललेला कापूस बाजारात १० हजारांना जात असेल, तर रात्रीतून खेडा खरेदीवाल्याच्या गाडीत भरला जाईल. सुदानमध्ये बँकांनी शेतीला सलम दिला, तेव्हा महागाईत हाच पेच पडला. भाव फारच हलला तर नुकसान झालेल्याला भरपाई, अशी अट करारात घालावी लागली. २०१७ सारखी गुलाबी बोंडअळी आली तर द्यायला मालच नाही. म्हणजे पडत्या भावात बँकेचा तोटा, चढत्या भावात माल गायब.

वाशीमचा_शेतकरी
गोदाम पावती जोडा. माल गोदामात पडला की रात्रीतून जायचा प्रश्नच मिटला.

आर्णी_कोरडवाहू
गोदाम तालुक्याला, कापूस घरातल्या खोलीत छतापर्यंत. तिथवर न्यायचं भाडं कोण देतं?

पऱ्हाटी_समुद्रपूर
ते भाडं बँकेनं करारात स्वतःकडे घेतलं, तर सलमवर माझा निम्मा आक्षेप मागे. बोंडअळीचा राहिला.