रंग पूर्ण खरवडायची गरज नाही

गाडीच्या बॉनेटवर कार्बन फायबरचं कापड रेझिनने (घट्ट होणाऱ्या चिकट द्रावाने) चढवण्याआधी रंग थेट पत्र्यापर्यंत काढावा, असा सल्ला नेहमी दिला जातो. माझं मत उलट आहे, निदान गोव्यात तरी. कार्बन वीज वाहून नेतो. तो उघड्या पत्र्याला टेकला आणि खारी दमट हवा आत शिरली की पत्र्याला आतून गंज खायला लागतो. कंपनीचा घट्ट बसलेला रंग मध्ये असेल तर तोच आडोसा होतो.

फक्त तो घट्ट आहे ना, ते बघा. थिनरने भिजवलेलं फडकं कोपऱ्यात घासा. रंग फडक्याला आला किंवा मऊ पडला, तर तो गॅरेजमध्ये मारलेला साधा रंग, तो काढाच. फुगे, पापुद्रे, गंजाचे ठिपके असतील तिथेही पत्र्यापर्यंत जा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारं अस्तर) मारा. पावसाळ्यात म्हापशात काय नि वास्कोत काय, उघडा पत्रा रात्रभरात तांबडा होतो.

आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा, मगच घासा. नाहीतर पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं. १२० नंबरचा पॉलिश पेपर, चमक पूर्ण जाईपर्यंत. कडा आणि खाचा हमखास राहतात. रेझिन एपॉक्सीच घ्या, पॉलिएस्टर पत्र्याला नीट धरत नाही. काळा रंग मिसळलेल्या रेझिनचा पहिला हात चिकटसर झाला की कापड अंथरायचं.

जुलैत मात्र एसी खोली नसेल तर हे काम काढूच नका.